निसर्गचित्रकार एस. एच. रझा : नागपूर-मुंबईतील पाया आणि फ्रान्समधील घडण

सारांश

सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) हे ‘बिंदू’चे चित्रकार म्हणून सर्वपरिचित आहेत. तथापि, त्यांच्या कलासाधनेची पहिली चार दशके प्रामुख्याने निसर्गचित्रणाने व्यापलेली होती आणि त्यांतील तीन दशके फ्रान्सच्या भूमीवर गेली. त्यांच्या चरित्रात नागपूर व मुंबई येथील १९३९ ते १९५० हा कालखंड बहुधा पूर्वतयारी म्हणून थोडक्यात सांगितला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या कालखंडाचा आणि फ्रान्समधील निसर्गचित्रांचा परस्परसंबंध तपासला आहे. रझा यांनी फ्रान्सकडून काय घेतले हे मुंबईतच निश्चित झाले होते आणि पुढील बिंदुचित्रे ही त्यांच्या निसर्गचित्रणाचीच परिणती होय, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजशब्द : निसर्गचित्र, जलरंग, रचना, सेझान, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, गोर्बिओ, बिंदू

प्रस्तावना

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात रझा यांचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले आणि सुमारे साठ वर्षे फ्रान्समध्येच राहिले. तेथील खेडी, चर्च, टेकड्या आणि शेते त्यांनी रंगविली. १९५६ मध्ये फ्रेंच कलासमीक्षकांचा ‘प्री द ला क्रितीक’ हा पुरस्कार त्यांना मिळाला. पॅरिसच्या कलाविश्वाने त्यांना आपल्यांतील एक मानले. असे असूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही आणि अखेरची वर्षे दिल्लीत व्यतीत केली. त्यामुळे रझा हे फ्रेंच परंपरेतील निसर्गचित्रकार की भारतीय परंपरेतील, हा प्रश्न त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार उपस्थित होतो.

या प्रश्नाची प्रचलित उत्तरे दोन प्रकारची आहेत. पहिल्या उत्तरानुसार फ्रान्समधील पहिली तीस वर्षे हा एक दीर्घ वळसा होता. ‘बिंदू’ गवसल्यावर चित्रकार स्वतःच्या मातीकडे परतला. दुसऱ्या उत्तरानुसार खरा चित्रकार पॅरिसमध्ये जन्मला आणि त्यापूर्वीचे जलरंग हे विद्यार्थिदशेतील सराव होत. ही दोन्ही उत्तरे एका बाबतीत समान आहेत. दोन्हींमध्ये नागपूर व मुंबई येथील अकरा वर्षांना स्वतंत्र स्थान नाही. महाराष्ट्राच्या कलेतिहासाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही; कारण ज्या संस्थांनी, प्रदर्शनांनी आणि व्यक्तींनी रझा यांची दृष्टी घडविली, त्या याच प्रदेशातील होत्या.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. रझा यांच्या नागपूर व मुंबई येथील जडणघडणीचा आढावा घेणे.
२. फ्रान्समधील त्यांच्या निसर्गचित्रणातील टप्पे स्पष्ट करणे.
३. निसर्गचित्रे व बिंदुचित्रे यांमधील सातत्य तपासणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून चरित्रविषयक तपशील आणि चित्रांतील रचना, रंग व माध्यम यांतील बदल एकत्र ठेवून विचार केला आहे. चित्रांच्या लिलावातील किमतींचा विचार विषयाच्या ओघात आवश्यक तेवढाच केला आहे.

दोन निसर्गचित्रपरंपरा

रझा यांच्या कार्याचे आकलन होण्यासाठी दोन परंपरांची ओळख आवश्यक आहे. पहिली फ्रान्समधील. अठराव्या शतकापर्यंत फ्रेंच कला अकादमीच्या दृष्टीने ऐतिहासिक व पौराणिक विषयांवरील चित्रे श्रेष्ठ आणि निसर्गचित्रे गौण मानली जात. एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. फोंतेनब्लोच्या अरण्यालगत असलेल्या बार्बिझों या खेड्यात तेओदोर रूसो आदी चित्रकार प्रत्यक्ष निसर्गात बसून काम करू लागले. १८४१ मध्ये धातूच्या नळीत रंग भरून विकण्याची युक्ती निघाल्यावर तैलरंग घराबाहेर नेणे सोपे झाले; रेल्वेमुळे चित्रकार शहरातून खेड्यात सहज जाऊ लागले. १८७४ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनातून दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचा उदय झाला. क्लोद मोने (१८४०-१९२६) यांनी क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश हाच चित्राचा विषय केला. त्याच प्रदर्शनात सहभागी झालेल्या पॉल सेझान (१८३९-१९०६) यांची वाट मात्र पुढे वेगळी झाली. प्रकाशाचा क्षण पकडण्यापेक्षा निसर्गातील घडण शोधावी, असे त्यांना वाटे. प्रोव्हान्समधील एक्स या आपल्या गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा डोंगर त्यांनी अनेक वर्षे पुनःपुन्हा रंगविला. घरे, झाडे, खडक यांचे रूपांतर रंगांच्या लहान-लहान पातळ्यांत करून त्यांनी चित्राला वास्तूसारखी बांधणी दिली. पुढे घनवादाने आपली सुरुवात त्यांच्यापासूनच मानली.

दुसरी परंपरा मुंबई इलाख्यातील. १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. शाळेतील शिक्षण आणि सोसायटीची वार्षिक प्रदर्शने यांच्या आधारावर येथे जलरंगातील निसर्गचित्रणाची भक्कम परंपरा उभी राहिली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, तसेच एस. एल. हळदणकर, एम. के. परांडेकर, एल. एन. तासकर यांच्यासारख्या चित्रकारांनी घाट, नदीकाठ, देवळे, बाजार आणि पावसाळी आभाळ यांना चित्रांत आणले. पारदर्शक जलरंगात एकदा उमटलेला फटकारा सहसा पुसता येत नाही. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश ठरतो. त्यामुळे या परंपरेत शीघ्र निर्णय, पाण्यावरील ताबा आणि वातावरणाची जाण हे गुण कसोटीचे मानले गेले. तिची मर्यादाही यातच होती. वातावरण उत्तम साधले की चित्र पूर्ण झाले, असा समज रूढ होत गेला आणि चित्राची अंतर्गत रचना हा प्रश्न मागे पडला. रझा या परंपरेत वाढले आणि याच मर्यादेशी त्यांचा पुढे सामना झाला.

मंडला ते नागपूर

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात बाबरिया या गावी झाला. वडील सय्यद मोहम्मद रझी हे वनखात्यात रेंजर होते. आईचे नाव ताहिरा बेगम. वडिलांच्या नोकरीमुळे नर्मदेच्या खोऱ्यातील अरण्यमय प्रदेशात त्यांचे बालपण गेले. रात्रीच्या अरण्यातील काळोखाचे भय आणि सकाळच्या प्रकाशाने मिळणारा दिलासा, तसेच आठवडी बाजारातील रंगांची गजबज या आठवणी त्यांनी उत्तरायुष्यात पुनःपुन्हा सांगितल्या. चंचल मुलाचे चित्त एकाग्र व्हावे म्हणून प्राथमिक शाळेतील शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसण्यास सांगितले, ही आठवणही त्यांनीच सांगितलेली आहे. बिंदुचित्रांचे मूळ म्हणून तिचा सर्वत्र उल्लेख होतो. मात्र, ही आठवण चित्रात उतरण्यापूर्वी चार दशकांचे निसर्गचित्रण घडले, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

दमोह येथील माध्यमिक शिक्षणानंतर १९३९ मध्ये रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. मंडला-दमोहकडील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी नागपूर हेच स्वाभाविक ठिकाण होते. येथे बापूराव आठवले यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४३ पर्यंत चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण घेतले. मूळचे अमरावती जिल्ह्यातील चित्रकार ह. अ. गाडे यांच्याशी असलेला त्यांचा स्नेह याच नागपुरी वर्तुळातला. पुढे मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली, तेव्हा सहा संस्थापकांपैकी दोघे नागपूरच्या कलावर्तुळातून आलेले होते आणि दोघांचाही ओढा निसर्गचित्रणाकडे होता. या गोष्टीची नोंद क्वचितच घेतली जाते. मुंबईबाहेरील कलाशाळांनी आधुनिक चित्रकलेला काय दिले, याचा विचार करताना नागपूरचे हे योगदान दुर्लक्षिता येणार नाही.

मुंबई : शहराचे निसर्गचित्र

१९४३ मध्ये रझा मुंबईत आले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओ या छपाईचे ठसे तयार करणाऱ्या संस्थेत नोकरी धरली आणि त्याचबरोबर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण १९४७ पर्यंत पूर्ण केले. दिवसभर नोकरी आणि उरलेल्या वेळात चित्र असा त्यांचा क्रम होता. अरण्यात वाढलेल्या या तरुणापुढे आता निसर्ग म्हणून जे उभे होते ते मुंबई शहर होते. फोर्ट भागातील रस्ते, ट्राम, छत्र्या, ओल्या फरसबंदीवरील प्रतिबिंबे, धूसर इमारती हे त्यांचे विषय झाले. ‘फ्लोरा फाउंटन इन मान्सून’ हे १९४५ चे चित्र या दृष्टीने उल्लेखनीय आहे. शहर हाही निसर्गदृश्याचा विषय आहे आणि घरांची दाटी हीसुद्धा एक भूरचनाच आहे, ही जाण या चित्रांतून स्पष्ट होते. फ्रान्समध्ये गेल्यावर त्यांनी प्रथम जे रंगविले, तेही डोंगरावरील घरांच्या दाटीचेच चित्र होते, हा योगायोग मानता येत नाही.

या काळात जे. जे. मध्येही बदलाचे वारे वाहत होते. चाळीसच्या दशकातील संचालक चार्ल्स जेरार्ड यांनी यथार्थवादी शिक्षणाच्या चौकटीत आधुनिक युरोपीय कलेचा विचार आणला. शाळेबाहेर तीन व्यक्तींचे साहाय्य रझा यांना लाभले. नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर हे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक होते, त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत, त्यांना काम करताना पाहत आणि युरोपीय चित्रांच्या छापील प्रतिकृतींवर चर्चा करीत. जर्मनीहून आलेले रूडॉल्फ फॉन लायडन हे समीक्षक होते, तर इमॅन्युएल श्लेसिंगर हे संग्राहक. लँगहॅमर यांच्या ठळक, अभिव्यक्तिवादी रंगलेपनाचा परिणाम रझा यांच्या जलरंगांवर झाला. फिकट, पारदर्शक थरांची जागा तीव्र व दाट रंगांनी घेतली.

१९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. त्याच वर्षी सोसायटीचे रौप्यपदक आणि १९४८ मध्ये सुवर्णपदक त्यांना मिळाले. म्हणजेच ज्या परंपरेविरुद्ध बंडखोर म्हणून प्रोग्रेसिव्ह चित्रकारांकडे पाहिले जाते, त्या परंपरेच्या मुख्य संस्थेनेच रझा यांना सर्वोच्च मान दिला होता. डिसेंबर १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, कृष्णाजी हौळाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, सदानंद बाकरे, गाडे आणि रझा यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली. जुलै १९४९ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या हस्ते त्यांच्या मुंबईतील पहिल्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. सूझा व हुसेन यांनी मानवाकृतीला केंद्रस्थान दिले. रझा मात्र निसर्गदृश्यातच राहिले. त्यांच्या चित्रांतील माणूस या काळात हळूहळू ठिपक्याएवढा झाला आणि पुढे नाहीसाच झाला.

याच वर्षांत त्यांचे व्यक्तिगत जीवन उद्ध्वस्त झाले होते. १९४७ मध्ये आईचा आणि १९४८ मध्ये वडिलांचा मृत्यू झाला. फाळणीनंतर भावंडे आणि पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. रझा यांनी भारतातच राहण्याचा निर्णय घेतला. बालपणी मंडल्यात गांधीजींना पाहिल्याची आठवण या निर्णयामागे असल्याचे ते सांगत. त्यांच्या पुढील निसर्गचित्रांतील निर्मनुष्य खेडी पाहताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही. तथापि, चित्रांतील निर्जनता केवळ दुःखाची खूण मानणेही एकांगी ठरेल. माणूस वगळल्यावर चित्रात उरते ती रचना, आणि रझा यांचा शोध त्याच दिशेने चालला होता.

काश्मीर आणि सेझानची वाट

१९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले. टोळीवाल्यांच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या बारामुल्लाचे चित्र त्यांनी त्या वर्षी काढले. श्रीनगर येथे त्यांची भेट फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. चित्रे पाहून कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांच्या गुणवत्तेचे कौतुक केले, परंतु या चित्रांत बांधणी नाही, चित्रही इमारतीप्रमाणे पाया, भिंती व तुळया यांच्यासह उभे करावे लागते आणि त्यासाठी सेझानचा अभ्यास करावा, असे स्पष्टपणे सुचविले.

हा प्रसंग रझा यांच्या प्रत्येक चरित्रात येतो. पण त्याचा अर्थ पुरेसा उलगडला जात नाही. हा सल्ला एका नवशिक्याला दिलेला नव्हता. ज्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, अशा परिपक्व जलरंगकाराला तो दिलेला होता. उणीव व्यक्तीची नव्हती. वातावरणालाच पूर्णत्व मानणाऱ्या परंपरेची ती उणीव होती. रझा यांनी ती नेमकी ओळखली. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे मुंबईतच स्पष्ट झाल्यामुळे ते पॅरिसला एक निश्चित प्रश्न घेऊन गेले. त्यांनी फ्रेंच भाषेचा अभ्यास केला, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये फ्रान्सकडे प्रयाण केले.

फ्रान्समधील पहिले दशक

१९५० ते १९५३ या काळात रझा यांनी पॅरिस येथील ‘एकोल नासिओनाल सुपेरिएर दे बोझार’ या संस्थेत शिक्षण घेतले. संग्रहालयांतून सेझान, व्हॅन गॉख, गोगँ यांची मूळ चित्रे प्रथमच पाहता आली. त्यानंतर त्यांच्या चित्रांत झालेला बदल इतका तीव्र होता, की हा तोच जलरंगकार आहे यावर विश्वास बसू नये. ‘ओ द कान्य’ (१९५१) यांसारख्या चित्रांत त्यांनी वाहता जलरंग सोडून अपारदर्शक जलरंग घेतला. दक्षिण फ्रान्समधील टेकडीवरचे गाव येथे सपाट, कोरीव भौमितिक आकारांत मांडले आहे. घरांना खिडक्या-दारे आहेत, पण माणूस नाही, झाडाचे पानही हलत नाही. या काळातील अशा चित्रांत घरांच्या ओळींवर सूर्याचे वा चंद्राचे गोल बिंब स्थिर असते. १९५३ च्या एका चित्राचे नावच ‘काळा सूर्य’ असे आहे. पुढे बिंदू म्हणून ओळखले गेलेले काळे वर्तुळ आधी आकाशस्थ बिंब म्हणून निसर्गचित्रातच अवतरले होते.

या चित्रांतील कठोर सपाटपणा एकट्या सेझानपासून आलेला नाही. भारतीय लघुचित्रांतील घरांची मांडणी आणि सपाट रंगपातळ्या यांचाही त्यात वाटा आहे. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-प्लासीद कलादालनात सूझा, अकबर पदमसी आणि रझा या तीन भारतीय चित्रकारांचे प्रदर्शन झाले. त्यातून त्यांची ओळख पसरली. १९५५ पासून लारा व्हँसी या कलादालनाशी त्यांचा दीर्घ संबंध जुळला आणि आर्थिक स्थैर्य लाभले.

१९५५ च्या सुमारास दुसरा बदल घडला. रझा तैलरंगाकडे वळले. रंगसुरीने दाट रंग थापून ते चर्च, लाल छपरे, झाडे आणि सायंप्रकाश उभा करू लागले. ‘प्रोव्हान्समधील शहर’, ‘ब्रिटनीतील चर्च’ यांसारख्या विषयांवरील या काळातील चित्रांत भौमितिक घरांच्या कडा वितळू लागतात. तरीही रंगांच्या तुकड्यांखाली बांधणी जाणवत राहते. युद्धोत्तर पॅरिसमध्ये निकोला द स्ताल (१९१४-१९५५) यांच्यासारखे चित्रकार निसर्ग आणि अमूर्तता यांच्या सीमेवर काम करीत होते. अशा कलेला फ्रेंच समीक्षेत ‘अमूर्त निसर्गचित्रण’ असे नाव मिळाले होते. रझा या प्रवाहात सहजपणे सामावले. १९५६ चा ‘प्री द ला क्रितीक’ त्यांना याच चित्रांनी मिळवून दिला. हा पुरस्कार मिळविणारे पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १९५९ मध्ये त्यांनी सहाध्यायी फ्रेंच चित्रकर्त्री जानीन मोंजिया यांच्याशी विवाह केला.

या यशाचा विचार करताना एक बाब विशेष लक्षात येते. सेझानने निसर्गातील क्षणभंगुर प्रकाशाला स्थैर्य देण्यासाठी रचना शोधली. रझा यांनी प्रथम रचना आत्मसात केली आणि मग तिच्यात पुन्हा प्रकाश व हवा आणली. ही हवा मुंबईच्या जलरंगांतील होती. फोर्टमधील पावसात विरघळणाऱ्या इमारती आणि प्रोव्हान्सच्या संध्याकाळी वितळणारी छपरे यांत माध्यम वेगळे असले, तरी पाहणे एकच आहे.

गोर्बिओ, बर्कली आणि ‘भूमी’

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, मांतों शहराजवळ डोंगरावर वसलेले गोर्बिओ हे गाव रझा दांपत्याचे उन्हाळ्यातील निवासस्थान झाले. दगडी घरे, उतारावरची ऑलिव्हची झाडे आणि भूमध्यसागराकडून येणारा प्रखर प्रकाश या परिसरात त्यांनी अनेक वर्षे काम केले.

१९६२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अध्यापनाच्या निमित्ताने त्यांना अमेरिकेतील अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रे पाहता आली. मार्क रॉथको यांच्या चित्रांचा परिणाम त्यांनी स्वतः नमूद केला आहे. रंग हा एखाद्या वस्तूचा रंग असावाच असे नाही. तो स्वतंत्रपणे भावावस्था निर्माण करू शकतो, हे त्यांना येथे जाणवले. पुढे तैलरंगाऐवजी त्यांनी अ‍ॅक्रिलिक स्वीकारले. हे रंग लवकर सुकत असल्याने हातवाऱ्याचा वेग राखता येतो, आणि वेगाची ही सवय त्यांना जलरंगापासूनच होती.

साठ व सत्तरच्या दशकांतील चित्रांतून घरे व चर्च नाहीशी झाली. ‘तपोवन’ (१९७२), ‘राजस्थान’, ‘ला तेर’ म्हणजे भूमी, अशा शीर्षकांच्या चित्रांत गर्द काळोखातून लाल, केशरी, पिवळ्या ज्वाळा उसळताना दिसतात. क्षितिजरेषा नाही, यथार्थदर्शन नाही. तरी ही चित्रे स्थळाचीच आहेत. मंडल्याच्या अरण्यातील रात्र या चित्रांत परत आली, असे रझा यांच्या निवेदनांवरून म्हणता येते. या काळात त्यांनी भारताचे अनेक दौरे केले. अजिंठा-वेरूळची लेणी, बनारस, राजस्थान, गुजरात येथे त्यांनी प्रवास केला. लेण्यांतील अंधारातून उजळणारे रंग आणि राजस्थानी लघुचित्रांतील चौकटींची विभागणी यांचे पडसाद पुढील चित्रांच्या मांडणीत आढळतात. फ्रेंच समीक्षकांचा सन्मान आणि कलादालनाचे पाठबळ असतानाही या काळात ते स्वतःच्या कामाविषयी असमाधानी होते. आपल्या चित्रांत आपला देश कोठे आहे, हा प्रश्न त्यांना छळत होता.

बिंदू : निसर्गाचे बीज

१९८० च्या सुमारास बिंदू हा त्यांच्या चित्रांचा केंद्रविषय झाला. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात काळे वर्तुळ, रंगांच्या चौकटी आणि देवनागरीतील काव्यपंक्ती एकत्र आल्या. दोन मीटर लांबी-रुंदीच्या ‘सौराष्ट्र’ (१९८३) या चित्रात चौकटींमध्ये विभागलेल्या रंगक्षेत्रांतून एका प्रदेशाची उष्ण भूमी, वस्त्रे आणि प्रकाश प्रकटतो. २०१० मध्ये लंडन येथील लिलावात या चित्राला सोळा कोटींहून अधिक रुपये मिळाले. १९८९ चे ‘जेस्टेशन’ २०२३ मध्ये मुंबईत ५१.७५ कोटी रुपयांना विकले गेले. या आकड्यांमुळे बिंदुचित्रांची कीर्ती सर्वदूर पसरली, पण त्यापूर्वीची निसर्गचित्रे सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीआड गेली.

बिंदुचित्रांचा अर्थ सामान्यतः तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत सांगितला जातो. पंचतत्त्व, प्रकृती-पुरुष, कुंडलिनी, अंकुरण या संज्ञा रझा यांनी स्वतः शीर्षकांत वापरल्या आहेत. तथापि, या संज्ञांपैकी अनेक निसर्गविषयकच आहेत, ही गोष्ट महत्त्वाची ठरते. त्यांचा बिंदू बीज आहे. त्यातून अंकुर फुटतो. त्रिकोण डोंगर व पाणी यांची आठवण देतात. आडव्या पट्ट्यांत माती आणि क्षितिज आहे. सेझानने डोंगराची भूमिती शोधली होती. रझा यांनी ती भूमिती डोंगराशिवाय उभी केली आणि तिला भारतीय संकल्पनांची नावे दिली. १९५३ मधील काळा सूर्य आणि १९८० मधील काळा बिंदू यांच्यातील अंतर त्यामुळे कालगणनेपेक्षा कमी भासते.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. उत्तरकालीन बिंदुचित्रांपैकी अनेकांत एकच आकृतिबंध वारंवार येतो आणि निसर्गाचा प्रत्यक्ष अनुभव विरळ होतो, असे टीकाकारांचे मत आहे. ते पूर्णतः अमान्य करता येत नाही. चित्रकार स्वतः या आवृत्तीला जपाची उपमा देत असत. परंतु जेथे रंगांत उष्णता आणि माती टिकून आहे, तेथेच ही चित्रे प्रभावी ठरतात, हे ‘सौराष्ट्र’सारख्या चित्रावरून दिसते. म्हणजेच बिंदुचित्रांचे मूल्यमापन करतानाही निसर्गचित्रणाची कसोटी उपयुक्त ठरते.

२००२ मध्ये जानीन यांचे निधन झाले. २०१० च्या अखेरीस रझा दिल्लीत परतले. पद्मश्री (१९८१), पद्मभूषण (२००७) व पद्मविभूषण (२०१३) हे भारताचे सन्मान त्यांना लाभले. २०१५ मध्ये फ्रान्सने ‘लेजिओं दॉनर’ने त्यांचा गौरव केला. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या चित्रांचे विस्तृत प्रदर्शन भरविले, तेव्हा मुंबईतील जलरंगांपासून बिंदूपर्यंतची वाटचाल फ्रेंच रसिकांसमोर एकत्रितपणे आली.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात :

१. नागपूर व मुंबई येथील १९३९ ते १९५० हा कालखंड रझा यांच्या चित्रकलेचा पाया आहे. जलरंगातील शीघ्रता, वातावरणाची जाण आणि शहराकडे भूरचना म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना येथे मिळाली.

२. सेझानकडे जाण्याची दिशा पॅरिसमध्ये नव्हे, तर १९४८ मध्ये भारतात निश्चित झाली. मुंबईच्या निसर्गचित्रपरंपरेतील रचनेची उणीव ओळखल्यामुळेच फ्रान्समधील शिक्षण फलदायी ठरले.

३. फ्रान्समधील तीन दशकांच्या निसर्गचित्रणाला वळसा म्हणता येत नाही. भौमितिक गाव, दाट रंगातील खेडे, ज्वालामय भूमी आणि बिंदू असा एक सलग क्रम त्यात आढळतो. प्रत्येक टप्प्यावर दृश्यातील काही ना काही वगळले गेले : प्रथम माणूस, मग घर, नंतर क्षितिज.

४. रझा हे फ्रेंच की भारतीय, या प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी एक निवडून मिळत नाही. रचनेची शिस्त त्यांनी फ्रान्सकडून घेतली, तर तिची गरज त्यांना मुंबईत कळली. आणि तिच्यात भरलेला प्रकाश व काळोख नर्मदेच्या खोऱ्यातील होता.

महाराष्ट्रातील जलरंगपरंपरेचा इतिहास बहुधा यथार्थवादी चित्रणापाशी थांबतो आणि आधुनिक चित्रकलेचा इतिहास प्रोग्रेसिव्ह ग्रुपपासून सुरू होतो. या दोन इतिहासांमध्ये जी रिकामी जागा दिसते, तीत रझा यांचे चाळीसच्या दशकातील जलरंग ठेवले असता तो दुवा सांधला जातो. त्या दशकातील रझा, गाडे व त्यांच्या समकालीन निसर्गचित्रकारांच्या कामाचा एकत्रित, तुलनात्मक अभ्यास होणे त्यामुळे अगत्याचे आहे.